वाल्डेमार हाफकिन : एका निःस्पृह शास्त्रज्ञाचें चरित्र

मुंबई शहरांत परळ येथें एक जुनी व भव्य वास्तु आहे. एके काळीं तींत मुंबईचे गव्हर्नर राहत असत. १८९९ सालापासून मात्र तेथें साथीच्या रोगांशीं झुंजणारी प्रयोगशाळा नांदत आली आहे. तिला हाफकिन इन्स्टिट्यूट असें म्हणतात. सर्पविषावरील औषध, पोलिओची लस इत्यादि निमित्तानें हें नांव आपल्या घरोघरीं पोहोंचलें आहे. परंतु हें नांव कोणाचें, तो पुरुष कोठला, तो आपल्या देशांत कां आला, आणि ज्या संस्थेस आज त्याचें नांव आहे त्याच संस्थेंतून त्याला एकदां अपराध्यासारखें कां बाहेर पडावें लागलें, असें कोणीं विचारिलें तर आपल्यापैकीं बहुतेक जण निरुत्तर होतील. या अंकासाठीं वाचन करूं लागेपर्यंत आम्हीहि निरुत्तरच होतों. म्हणून या थोर पुरुषाचें चरित्र वाचकांपुढें संक्षेपानें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजीं रशियन साम्राज्यांतील ओडेसा या काळ्या समुद्राच्या कांठच्या बंदरांत, एका यहुदी कुटुंबांत झाला. त्यांचें शालेय शिक्षण बर्द्यान्स्क या गांवीं झालें, आणि १८७९ सालीं ते ओडेसाच्या विश्वविद्यालयांत सृष्टिशास्त्राच्या अभ्यासासाठीं दाखल झाले. तेथें त्यांना इल्या मेच्निकोव्ह यांच्यासारखे गुरु लाभले. शरीरांत शिरणाऱ्या जंतूंना रक्तांतील पांढऱ्या पेशी गिळून टाकतात, हें तत्त्व प्रतिपादन करून पुढें १९०८ सालीं नोबेल पारितोषिकाचे मानकरी झालेले मेच्निकोव्ह ते हेच. अशा गुरूच्या सान्निध्यांत त्या तरुणाच्या बुद्धीस योग्य दिशा लाभली.

परंतु तो काळ रशियांत शांततेचा नव्हता. १८८१ च्या मार्च महिन्यांत झार दुसरा अलेक्झांडर याचा वध झाला, आणि त्यानंतर दक्षिण रशियांत ठिकठिकाणीं यहुदी लोकांच्या वस्त्यांवर हल्ले होऊं लागले. ओडेसा येथें आपल्या ज्ञातिबांधवांच्या रक्षणासाठीं जे तरुण पुढें सरसावले, त्यांत हाफकिन होते. त्या प्रसंगीं ते जखमी झाले व त्यांना अटकहि झाली. मेच्निकोव्ह यांनीं रदबदली केली म्हणून त्यांची सुटका झाली. पुढें शिक्षण संपल्यावर ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयांत त्यांना एक लहानसें काम मिळालें. त्याहून वरच्या पदावर चढावयाचें तर राजमान्य चर्चचा स्वीकार करणें अवश्य होतें. केवळ नोकरीसाठीं धर्म बदलणें त्यांच्या मनास पटलें नाहीं. प्राध्यापकपद दूर राहिलें, आणि १८८८ सालीं त्यांनीं जन्मभूमीचा निरोप घेतला.

एक वर्ष जिनीव्हा येथें अध्यापन केल्यावर ते पॅरिसला गेले. तेथें लुई पाश्चर यांची नवी संस्था नुकतीच उघडली होती व मेच्निकोव्हहि तेथें येऊन राहिले होते. शिष्य गुरूच्या दारीं आला खरा, परंतु संस्थेंत जागा रिकामी होती ती केवळ ग्रंथपालाची. हाफकिन यांनीं ती आनंदानें पत्करली. पुस्तकें सांभाळून उरलेला वेळ सूक्ष्मदर्शक यंत्रापुढें घालवावा, असा त्यांचा नित्यक्रम सुरू झाला. पद लहान म्हणून काम लहान, असें त्यांनीं कधीं मानिलें नाहीं.

त्या काळीं पटकीच्या साथी आशिया व युरोप या दोन्ही खंडांत वारंवार येत आणि हजारों माणसें पाहतां पाहतां नाहींशीं होत. रॉबर्ट कॉख यांनीं या रोगाचा जंतु ओळखिला होता. स्पेन देशांत १८८५ सालीं फेर्रान नांवाच्या एका डॉक्टरानें त्यावर लस टोंचूनहि पाहिली होती. परंतु तिच्या परिणामांचा चोख हिशेब ठेवला न गेल्यामुळें शास्त्रज्ञांचा तिच्यावर विश्वास बसला नाहीं. हाफकिन यांनीं हाच प्रश्न हातीं घेतला. गिनिपिग नांवाच्या लहान प्राण्यांच्या शरीरांतून एकामागून एक असे पटकीचे जंतु नेले असतां त्यांचा जोर वाढत जाऊन एका ठराविक मर्यादेस पोहोंचतो, आणि उलट ३९ अंश उष्णतेंत हवेच्या प्रवाहांत वाढविले असतां तो क्षीण होतो, असें त्यांना आढळलें. मग प्रथम क्षीण जंतूंची व नंतर सबळ जंतूंची टोंचणी देऊन प्राण्यांना पटकीपासून वांचवितां येतें, हें त्यांनीं सिद्ध केलें.

प्राण्यांवर जें साधलें तें मनुष्यावर साधेल काय, हें पाहणें उरलें होतें. त्यासाठीं हाफकिन यांनीं दुसऱ्या कोणाचें शरीर शोधिलें नाहीं. १८ जुलै १८९२ रोजीं त्यांनीं ती लस स्वतःच्याच अंगांत टोंचून घेतली. ताप आला, टोंचल्या जागीं वेदना झाल्या. त्या साऱ्यांची त्यांनीं नोंद ठेविली आणि कांहीं दिवसांनीं दुसरी टोंचणीहि घेतली. त्यांच्या कांहीं रशियन मित्रांनींहि त्यांचें अनुकरण केलें. कोणासहि अपाय झाला नाहीं.

आतां खरी कसोटी तेथेंच होणार होती, जेथें पटकीचें ठाणें कायमचें होतें. लॉर्ड डफरिन हे पूर्वीं हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते व त्या वेळीं पॅरिस येथें ब्रिटिश राजदूत होते. त्यांच्या सूचनेवरून हाफकिन यांनीं हिंदुस्थानची वाट धरिली आणि १८९३ च्या मार्च महिन्यांत ते कलकत्त्यास उतरले. येथें त्यांचें मोठेंसें स्वागत झालें नाहीं. ते शास्त्राचे पंडित होते, पण पदवीधर वैद्य नव्हते. सरकारच्या देशांत आले होते, पण इंग्रज नव्हते. लष्करी वैद्यक खात्यांतील कित्येक अधिकारी त्यांच्याकडे संशयानेंच पाहत. सामान्य लोकांना तर सुई म्हणजे सरकारचें एक नवें संकट वाटे.

तरीहि हाफकिन यांनीं एक नियम कधीं मोडिला नाहीं. लस टोंचावयाची ती ज्याची इच्छा असेल त्यालाच. आगऱ्यापासून आरंभ करून त्यांनीं उत्तर हिंदुस्थानांतील छावण्या, तुरुंग, गांवें व आसामांतील चहाचे मळे पालथे घातले. चौधरी, घोष, चटर्जी व दत्त हे बंगाली डॉक्टर त्यांच्या कार्यांत सहकारी झाले. १८९४ च्या मार्च महिन्यांत कलकत्त्याचे आरोग्याधिकारी डॉ. सिम्प्सन यांच्या सहाय्यानें काठाल बागान या गरीब वस्तींत त्यांनीं काम केलें. तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकीं ११६ जणांनीं लस टोंचून घेतली. सर्वांचें राहणें एकत्र, सर्वांचें पाणी एकाच तळ्याचें. पुढें त्या वस्तींत पटकीनें जे नवे रोगी झाले, ते सारे लस न टोंचलेल्यांपैकीं होते. १८९५ च्या जुलै महिन्यापर्यंत सुमारे ४२ हजार लोकांना त्यांनीं लस दिली. या श्रमानें त्यांची प्रकृति ढांसळली, हिंवतापानें त्यांना ग्रासलें, आणि विश्रांतीसाठीं इंग्लंडास जावें लागलें. परंतु दुसऱ्याच वर्षीं ते परत आले.

ते परत आले तेच जणूं मुंबईच्या भाग्यानें. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मांडवी भागांत एक विलक्षण ताप दिसूं लागला. जांघेंत वा काखेंत गांठ येई, रोगी बरळूं लागे आणि दोन-चार दिवसांत त्याचा अंत होई. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं हा प्लेग आहे असें प्रथम उघडपणें सांगितलें. दोन वर्षांपूर्वीं हाँगकाँग येथें कितासातो व येर्सिन यांनीं या रोगाच्या जंतूचा शोध लाविला होता; परंतु तो जंतु उंदरावरील पिसवांच्या मार्फत माणसांत येतो, ही गोष्ट फ्रेंच डॉक्टर सिमों यांनीं १८९८ सालीं दाखवून देईपर्यंत कोणास ठाऊक नव्हती. शत्रु दाराशीं आला होता, पण तो कोणत्या वाटेनें आला हें कळत नव्हतें. लोक घरेंदारें टाकून पळूं लागले. आगगाड्या व बोटी भरभरून वाहूं लागल्या.

सरकारनें हाफकिन यांस मुंबईस पाठविलें. ऑक्टोबर १८९६ मध्यें भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांना एक खोली व एक व्हरांडा मिळाला. हाताखालीं एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्याशा साधनांवर त्यांनीं अवघ्या तीन महिन्यांत प्लेगाची लस तयार केली.

तिची कृति आमच्या वाचकांस मनोरंजक वाटेल. जंतु वाढविण्यासाठीं मांसाचा रस लागे. गाईचें किंवा डुकराचें मांस घेतल्यास येथील लोकांच्या धर्मभावनेस धक्का बसेल, हें जाणून हाफकिन यांनीं बकऱ्याचें मांस आम्लानें पचवून त्याचा रस केला. त्या रसाच्या पृष्ठभागावर त्यांनीं आपल्या घरांतील नेहमींच्या तुपाचे थेंब सोडिले. तुपाच्या त्या तवंगाला चिकटून जंतु वाढत आणि छतावरून मुळ्या लोंबाव्या तसे रसांत खालीं लोंबत. पात्र हलविलें कीं ते तुटून तळाशीं बसत व वर नवी पैदास होई. असें कित्येक आठवडे चाले. मग तें सर्व ६५ ते ७० अंश उष्णतेवर तासभर तापवून जंतु मारून टाकीत आणि त्यांत थोडें कार्बोलिक अ‍ॅसिड मिसळीत. मेलेला जंतु रोग देऊं शकत नाहीं. परंतु त्याची ओळख पटल्यामुळें शरीर खऱ्या शत्रूसाठीं आधींच सज्ज होऊन राहतें. लसीचें सारें रहस्य एवढेंच आहे.

१० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन यांनीं ही नवी लसहि प्रथम स्वतःलाच टोंचविली, आणि तीहि पुढें इतरांस देत त्याहून कितीतरी मोठ्या मात्रेंत. अंग तापानें फणफणलें, तरी त्यांचें काम थांबलें नाहीं. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेगानें प्रवेश केला. सुमारे निम्म्या कैद्यांनीं आपखुशीनें लस टोंचून घेतली, बाकीच्यांनीं घेतली नाहीं. लस न घेतलेल्यांत पुढें १२ जणांस प्लेग झाला व त्यांपैकीं ६ दगावले. घेतलेल्यांत २ जणांस झाला, पण दोघेहि वांचले.

येथें एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. औषधानें बरें वाटलें असें सांगणारे वैद्य पूर्वींहि पुष्कळ होते. हाफकिन यांचें वैशिष्ट्य असें कीं ते नेहमीं दोन रकाने मांडीत : टोंचलेले आणि न टोंचलेले. हवा तीच, पाणी तेंच, घर तेंच; फरक केवळ लसीचा. पोर्तुगीजांच्या ताब्यांतील दमण शहरांत १८९७ सालीं २,१९७ लोकांनीं लस घेतली होती, त्यांपैकीं ३६ मरण पावले. न घेतलेल्या ६,०३३ लोकांपैकीं १,४८२ मेले. बडोद्याजवळील उंढेरा या गांवीं १८९८ सालीं प्रत्येक कुटुंबांतील सुमारें निम्म्या माणसांस लस दिली. लस दिलेल्या ७१ जणांत ३ मृत्यु झाले, न दिलेल्या ६४ जणांत २६. सरकारनें नेमिलेल्या प्लेग कमिशननें पुढें या सर्व आंकड्यांची छाननी केली. त्यांतील कांहींत उणिवा दाखविल्या, परंतु लसीनें रोगाचें व मृत्यूचें प्रमाण घटतें, हा निष्कर्ष त्यांनींहि मान्य केला.

तें १८९७ साल महाराष्ट्राच्या इतिहासांत काळ्या अक्षरांनीं लिहिलें गेलें आहे. पुण्यांत प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां १० मार्च रोजीं सावित्रीबाई फुले यांनीं देह ठेविला. सोजिरांकडून घरोघर झडत्या घेणें, रोग्यांना व त्यांच्या आप्तांना बळानें छावण्यांत नेणें, या उपायांनीं लोक संतप्त झाले, आणि २२ जून रोजीं राणीच्या हीरकमहोत्सवाच्या रात्रीं प्लेग अधिकारी रँड यांच्यावर चाफेकर बंधूंनीं गोळी झाडली. त्याच महोत्सवानिमित्त सरकारनें हाफकिन यांस सी. आय. ई. ही पदवी दिली. एकाच रोगाशीं दोन मार्गांनीं लढणें चाललें होतें. एका मार्गांत बंदूक घेऊन दार ठोठावीत. दुसऱ्या मार्गांत टोंचणारा स्वतःची बाही आधीं वर करी. यांपैकीं कोणत्या मार्गानें लोकांचा विश्वास संपादन होतो, हें इतिहासानें आपणांस दाखविलें आहे.

विश्वास संपादन करण्याच्या या कामीं येथील पुढाऱ्यांचें साहाय्यहि फार मोलाचें ठरलें. खोजा समाजाचे तरुण धर्मप्रमुख आगाखान यांनीं लोकांसमक्ष लस टोंचून घेतली, आपल्या अनुयायांस तसें करावयास सांगितलें आणि प्रयोगशाळेसाठीं आपली खुश्रू लॉज ही वास्तु दिली. पुढें जागा अपुरी पडूं लागली तेव्हां सरकारनें परळचें जुनें गव्हर्नरनिवास दिलें, आणि १० ऑगस्ट १८९९ रोजीं गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्तें तेथें प्लेग संशोधन प्रयोगशाळेचें उद्घाटन झालें. संचालक अर्थातच हाफकिन झाले. ओडेसांत ज्याला साधें प्राध्यापकपद नाकारण्यांत आलें, तो मनुष्य आतां एका मोठ्या प्रयोगशाळेचा अधिपति होता.

परंतु भाग्याचा हा उदय फार काळ टिकला नाहीं. १९०२ सालीं पंजाबांत प्लेगानें थैमान मांडिलें आणि तेथून लसीची प्रचंड मागणी आली. एवढी लस वेळेवर पुरविण्यासाठीं प्रयोगशाळेनें कृतींत फेरफार केले. जंतु मारण्यास उष्णता पुरेशी आहे असें मानून कार्बोलिक अ‍ॅसिड वगळण्यांत आलें. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मलकोवाल या गांवीं, जें आज पाकिस्तानांत आहे, १०७ लोकांना पांच बाटल्यांतून लस टोंचण्यांत आली. त्यांपैकीं एका बाटलींतून ज्यांना टोंचलें होतें, त्या एकोणीसच्या एकोणीस जणांना कांहीं दिवसांत धनुर्वात झाला आणि ते सारे मरण पावले. बाकीच्या ८८ जणांना कांहींहि झालें नाहीं.

हे १९ जण आपण विसरूं नये, असें आम्हांस वाटतें. प्लेगापासून वांचावें या आशेनें त्यांनीं विश्वासानें हात पुढें केला होता. त्यांच्या मृत्यूची चौकशी होणें न्याय्यच होतें. प्रश्न एवढाच होता कीं ती पुरी व निःपक्षपाती व्हावी.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीमंडळ बसलें. त्या बाटलींत धनुर्वाताचे जंतु बाटली उघडण्यापूर्वींच, म्हणजे प्रयोगशाळेंतच, शिरले असावे असें त्यानें मत दिलें, आणि कार्बोलिक अ‍ॅसिड वगळल्याबद्दलहि ठपका ठेविला. हाफकिन यांचें संचालकपद गेलें. वेतनाविना रजेवर त्यांना युरोपास जावें लागलें. ज्यानें आपला देह दोनदां पणास लाविला होता, त्याच्यावर निष्काळजीपणानें माणसें मारल्याचा डाग बसला. फ्रान्सांत ड्रायफस नांवाच्या निरपराध यहुदी सेनाधिकाऱ्यावर जो अन्याय झाला होता, त्याचें कित्येकांस या वेळीं स्मरण झालें.

तथापि चौकशीच्या कागदपत्रांतच दुसरी बाजूहि नमूद होती. त्या दिवशीं मलकोवाल येथें बाटलीचें बूच काढतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो ज्वालेंत धरून नीट निर्जंतुक न करतांच पुन्हां वापरण्यांत आला होता. धनुर्वाताचे जंतु मातींत असतात, हें शाळेंतील मुलासहि ठाऊक आहे. शिवाय, जंतु प्रयोगशाळेंतच शिरले असते तर बाटली उघडेपर्यंतच्या दिवसांत त्यांची वाढ होऊन तिला दुर्गंधि आली असती. परंतु उघडतेवेळीं तसा कांहींच वास आला नव्हता. म्हणजे दोष प्रयोगशाळेंत नसून त्या गांवांतच घडला असण्याचा संभव अधिक होता.

हें सत्य जगापुढें यावयास पांच वर्षें लागलीं. हिंवताप डासांमुळें होतो हें सिद्ध करणारे सर रोनाल्ड रॉस हे हाफकिन यांच्या बाजूनें उभे राहिले. लोकांचा लसीवरील विश्वास नाहींसा झाला तर त्याची किंमत हजारों प्राणांनीं मोजावी लागेल, हें त्यांनीं ओळखिलें होतें. जुलै १९०७ मध्यें त्यांनीं व इतर नामांकित जंतुशास्त्रज्ञांनीं लंडनच्या टाइम्स पत्रांत संयुक्त पत्र प्रसिद्ध करून आरोप सिद्ध झाला नसून उलट पुराव्यानें खोडला गेला आहे, असें जाहीर केलें. पार्लमेंटांतहि प्रश्न विचारले गेले. अखेर त्याच वर्षाच्या शेवटीं हाफकिन यांस दोषमुक्त करून पुन्हां हिंदुस्थानांत बोलाविण्यांत आलें.

पण मिळाला तो न्याय अपुराच होता. मुंबईचें संचालकपद आतां रिकामें नव्हतें. त्यांना कलकत्त्यास नेमण्यांत आलें, आणि तेथें त्यांना स्वतः लस तयार करून लोकांस टोंचण्याची मोकळीक राहिली नाहीं. हाती उरलें तें केवळ लेखन व अभ्यास. तेंहि त्यांनीं निमूटपणें केलें. १९१४ सालीं ते निवृत्त होऊन युरोपास परतले. त्यांनीं विवाह केला नव्हता. उत्तर आयुष्यांत ते आपल्या पूर्वजांच्या धर्माचें मनोभावें आचरण करीत राहिले, आणि पूर्व युरोपांतील यहुदी धर्मविद्यालयांसाठीं त्यांनीं आपली संपत्ति दिली. २६ ऑक्टोबर १९३० रोजीं स्वित्झर्लंडांतील लोझान शहरीं त्यांचें निधन झालें.

त्यांच्या हयातींतच एक गोष्ट घडली होती, ती सांगितल्याविना हें चरित्र पुरें होणार नाहीं. १९२५ सालीं परळच्या प्रयोगशाळेस सरकारनें हाफकिन इन्स्टिट्यूट असें नांव दिलें. तोंवर तेथून बाहेर गेलेल्या प्लेगाच्या लसीच्या मात्रांची संख्या सुमारे २ कोटि ६० लक्ष झाली होती. पुढें १९६४ सालीं स्वतंत्र भारताच्या टपाल खात्यानें त्यांचें चित्र असलेलें तिकीट काढून त्यांच्याविषयींची कृतज्ञता व्यक्त केली.

आज प्लेगावर प्रतिजैविक औषधें आहेत आणि हाफकिन यांची ती लस आतां नित्य वापरांत राहिलेली नाहीं. शास्त्राचा नियमच असा आहे कीं पुढचा शोध मागच्यास निवृत्त करतो. परंतु त्यांनीं घालून दिलेल्या रीतीचा काळ सरलेला नाहीं. आजहि नवी लस निघाली कीं ती घेतलेले व न घेतलेले असे दोन गट करूनच तिची परीक्षा होते. २०२० सालीं जगावर नव्या साथीचें संकट आलें, तेव्हां आपण सर्वांनीं हें प्रत्यक्ष पाहिलें. आणि लसीविषयीं शंका, अफवा व भीति यांचें जें वादळ उठलें, तेंहि १८९७ च्या मुंबईस अपरिचित वाटलें नसतें.

या चरित्रापासून विद्यार्थ्यांनीं काय घ्यावें? जें दुसऱ्यास करावयास सांगावयाचें तें आधीं स्वतः करावें, हा पहिला बोध उघड आहे. दुसरा बोध त्याहून अवघड आहे. आपल्या मित्रावर, शिक्षकावर किंवा अनोळखी मनुष्यावर आरोप ऐकूं आला तर तो खरा मानण्यापूर्वीं दोन्ही रकाने भरून पाहावे : त्याच्या विरुद्ध काय आहे, आणि त्याच्या बाजूनें काय आहे. हाफकिन यांनीं रोगाच्या बाबतींत हें केलें, म्हणून लाखों जीव वांचले; त्यांच्या बाबतींत तें वेळेवर केलें गेलें नाहीं, म्हणून एका कर्त्या पुरुषाच्या आयुष्याचीं उत्तम वर्षें वायां गेलीं.

आमच्यापैकीं कोणी कधीं परळच्या बाजूस गेले, तर त्या वास्तूच्या दारावरील नांव क्षणभर थांबून वाचावें, एवढीच आमची विनंती आहे. आणि लस टोंचण्याच्या दिवशीं सुई पाहून ज्यांचे पाय लटपटतात, त्यांनींहि त्या पुरुषाचें स्मरण करावें. त्यांच्या दंडांत आज जी लस जाते ती कित्येकांनीं आधीं पारखलेली असते. त्यानें घेतली तेव्हां ती पारखणारा तो पहिलाच होता.